राखाडी पँटची शिवण

प्रयोगशाळेत त्याला सगळे ‘मिलिमीटर’ म्हणत. हे त्याच्या कानावर आलेलं होतं आणि त्याची त्याला हरकत नव्हती. काँक्रीटचे ठोकळे यंत्रात दाबून ते कधी फुटतात हे पाहण्यात त्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं. केसाएवढी भेगही त्याच्या नजरेतून सुटत नसे. पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर काही महिने घरी काढून तो आता पुन्हा कामावर रुजू होणार होता. अडचण एकच होती. त्याची एकही पँट कमरेवर राहत नव्हती.

“पट्टा आवळला की भागेल,” तो म्हणाला.

“पट्ट्याला आणखी भोकं पाडायला जागा नाही उरली,” बायको म्हणाली. “आरशात बघा. पोत्याचं तोंड बांधल्यासारखं दिसतंय.”

त्याने बघितलं. निरीक्षण बरोबर होतं.

तेव्हा दोघं गल्लीच्या टोकाच्या शिंप्याकडे गेली. निघताना बायकोने त्याची जुनी राखाडी पँट लांबीच्या मापासाठी पिशवीत टाकली. शिंप्याला सगळे मास्तर म्हणत. त्यांनी फळीवर ठाणं उलगडली. बायकोच्या मते तीन पँट, पाच शर्ट आणि बैठकांसाठी एक कोट एवढं तरी हवंच होतं. त्याच्या मते दोन-दोन जोड पुरेसे होते.

“हे बघा साहेब,” मास्तर एका जाड कापडावर हात फिरवत म्हणाले, “वर्षानुवर्षं काही व्हायचं नाही याला.”

“त्याच्या खालचं दाखवा. इतकं टिकाऊ नको.”

कापड चाचपणारा बायकोचा हात जागीच थांबला.

तो हे चिडून म्हणाला नव्हता, की खचूनही नव्हे. सिद्ध न झालेल्या गोष्टीखाली सही करायची त्याला सवयच नव्हती. डॉक्टरांनी ‘सगळं छान आहे’ म्हटल्यावर त्याने विचारलं होतं, किती जणांपैकी किती जणांचं, आणि किती वर्षांनंतर. उत्तर वाईट नव्हतं. पण ते सरासरीचं होतं, आणि सरासरी नावाचा माणूस कुठे राहत नाही, हे तो हाताखालच्यांना शिकवत आला होता. त्या दिवशी बायको शेजारीच बसली होती. तिने डॉक्टरांना काहीच विचारलं नाही. घरी येऊन त्याच्या वाटीऐवजी मोठा वाडगा तेवढा काढला.

मास्तरांनी कमरेला टेप लावली, आकडा पुटपुटला आणि विचारलं, “आत माया किती सोडू?”

“काही नको. आहे त्या मापाची शिवा. जादा कापड आत दुमडलं की टोचत राहतं.”

“भरपूर सोडा,” बायको म्हणाली.

“अगं, पण कशाच्या आधारावर? वजन जागचं हलत नाहीये. मुळात माझा बांधा वाढणाऱ्यातला नाहीच. ही राखाडी पँट लग्नातली. दरवर्षी एकदा घालून बघतो मी. आजारी पडेपर्यंत नीट बसत होती. याला पुरावा म्हणतात.”

हा पुरावा नवा नव्हता. आल्यागेल्याला, व्याह्यांना, एकदा तर भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही त्याने तो ऐकवला होता.

बायकोने पिशवीतून ती पँट काढून उलटी केली आणि त्याच्यापुढे धरली. “भेगा बघता ना दिवसभर? हे बघा.”

त्याने चष्मा कपाळावरून खाली घेतला. कमरेच्या मागच्या शिवणीपाशी उसवलेल्या टाक्यांच्या भोकांची एक रांग होती. तिच्या बाहेर दुसरी. त्याही बाहेर आताची शिवण, हाताने घातलेली, तपकिरी दोऱ्याची, किंचित वाकडी. कडेला नखाएवढंच कापड उरलं होतं.

“हे कधी?”

“पहिल्यांदा मुलगी झाली तेव्हा. बाळंतपण माझं आणि पोट सुटलं तुमचं. मग सिगारेट सोडलीत तेव्हा. दरवर्षी घालून बघणार हे ठाऊक होतं ना मला.”

“आणि बोलली नाहीस.”

“इतकं खुशीत सांगायचात चारचौघांत. म्हटलं, सांगू देत.”

मास्तर पाठ फिरवून ठाण गुंडाळू लागले. त्यांची पाठ हलत होती.

तो वाकड्या शिवणीवरून अंगठा फिरवत राहिला. ज्या मापावर त्याने सगळी मापं पडताळली, त्यातच फेरफार झालेला होता, आणि करणारी शेजारी उभी होती. अशा वेळी तो प्रयोगशाळेत कुणाची गय करत नसे. इथे त्याच्या डोळ्यांपुढे फक्त एवढंच आलं, की तो कामावर गेल्यावर ती खिडकीशी बसून सुईत दोरा ओवते आहे.

“तुला काय वाटतं,” त्याने हळूच विचारलं, “लागेल?”

ती लगेच हो म्हणाली नाही, हे त्याला बरं वाटलं.

“मला काय कळतंय,” ती म्हणाली. “पण लागलं आणि आत कापडच नसलं, तर मी ते आणू कुठून?”

त्याने या युक्तिवादात भेग शोधली. सापडली नाही.

“मास्तर, ते जाड कापडच काढा,” तो म्हणाला. “आणि आत किती सोडायचं ते हिला विचारा. माझं माप हिच्याकडे असतं.”

“आणि कोट?” मास्तरांनी विचारलं.

“कोटही,” बायको म्हणाली.

कामावरच्या पहिल्या दिवशी तो खुर्चीत मागे टेकला आणि दुमडलेलं कापड पाठीला टोचलं. भाकीत अचूक ठरलं होतं. तो जरा पुढे सरकला. मग पुन्हा मागे टेकून बसला. दुपारी डबा उघडला, तर त्यात नेहमीपेक्षा एक कप्पा जास्त निघाला. भूक बेताचीच होती. तरी त्याने तो सावकाश, शेवटच्या घासापर्यंत संपवला.