वळवलेला नंबर

द्वारका चौकात माझं स्पेअर पार्ट्सचं दुकान, आणि शेजारी रियाज व शाहनवाज या भावांचं टेम्पोचं बुकिंग ऑफिस. माल विकता विकता माणसांचंही जमा-नावे मांडायची मला खोड आहे. या दोघांच्या खात्यात ईदपासून नुसता अबोला जमा होत होता. वाटणी ठरली होती. टेम्पो वाटले, टेबलंसुद्धा वाटली. वाटणीच्या बैठकीत अडलं ते वडिलांच्या फोन नंबरावर; दोघांनाही तो हवा. मनमाडपासून ओझरपर्यंतची गिऱ्हाइकं तोच नंबर ओळखतात. नंबर ज्याचा, धंदा त्याचा.

त्या फोनची तार कधीच गेली. आता तो इंटरनेटवर चालतो आणि दोघांच्या मोबाइलमध्ये वाजतो. आधी थोरल्या रियाजकडे, त्यानं नाही घेतला तर शाहनवाजकडे.

सोमवारी सकाळपासून तो वाजलाच नाही. ओझरहून यंत्रांचे सुटे भाग पाठवणारे धम्मपाल शेवटी माझ्या मोबाइलवर आले. "जयरामशेठ, शेजाऱ्यांनी दुकान गुंडाळलं का? लावला की नुसती शांतता, मग कट. दुपारपर्यंत बोलणं झालं नाही तर वर्षाचं काम मी दुसऱ्याला देतो."

मी निरोप घेऊन गेलो. रियाज भिंतीकडे बघत मला म्हणाला, "नंबर कुणी बंद पाडला ते कळतं मला."

शाहनवाज रस्त्याकडे बघत मला म्हणाला, "मलाही कळतं, जयरामशेठ."

मधे मी, बिनपगारी पोस्टमन.

फोनचं सगळं रियाजच्या बायकोनं, जुलेखानं बसवलेलं. मी तिला बोलावून घेतलं. तिनं लॅपटॉप उघडला, थोडा वेळ बघितलं आणि हसायलाच लागली.

"कुणी बंद पाडलेला नाही. कॉल येतोय. यांच्याकडे जातो, तर यांनी तो दिराकडे वळवून ठेवलाय. तिकडे जातो, तर दिरानं तो परत यांच्याकडे वळवलाय. बिचारा चकरा मारतो, मग सिस्टिम वैतागून तोडून टाकते. बेल वाजणार कुठं?"

मग रियाज पुटपुटला, "याची पोरं लहान आहेत. म्हटलं, गिऱ्हाइकं याच्याकडे गेलेली बरी."

"अब्बांचा नंबर थोरल्याकडेच शोभतो," शाहनवाज म्हणाला.

"मग बैठकीत भांडत कशाला होतात?" मी विचारलं.

"चार लोकांसमोर दिला तर उपकार होतो, आणि दुसरा तो घेत नाही ना," जुलेखा म्हणाली. "या दोघांचं जेवतानाही असंच. शेवटची बोटी एकमेकांकडे सरकवत बसतात, आणि खातं मांजर."

तिनं दोन्हीकडचं वळवणं काढून टाकलं. "आता दोघांकडे एकदम वाजेल. एकानं उचलला की दुसऱ्याचा आपोआप थांबेल."

मी धम्मपालना पुन्हा लावायला सांगितलं. टेबलावर दोन फोन वाजू लागले. हात एकाचाही हलेना.

"उचल," रियाज म्हणाला. या वेळी भावाकडे बघून.

"तू उचल, भाई."

"बसा असेच," जुलेखा म्हणाली, "म्हणजे पुन्हा कट होईल."

रियाजनं उचलला. शाहनवाजचा फोन मधेच गप्प झाला.

"बोला, धम्मपालजी. गाडी आहे की. वर्षभराचं म्हणता? जरा थांबा हं, भावाला विचारतो."

शाहनवाजनं खुर्ची जवळ ओढली. मला काही कुणी बस म्हटलं नाही. मी आपला दुकानात परत आलो.