मशीनखालची दुलई

त्या घरात मोठ्यानं बोलायची मुभा फक्त पाहुण्यांना होती, आणि तेही दोनदा येऊन गेले की आपोआप कुजबुजायला लागत. कारण गावाचा दिवस वर आला की आतल्या खोलीत घराचा कर्ता पुरुष पडदे ओढून आडवा झालेला असे. तो बेकरीत रात्रपाळीला भट्टीवर होता. गाव झोपलं की हा पीठ मळायला घ्यायचा, आणि गाव उठून त्याचाच पाव चहात बुडवू लागलं की याचे डोळे मिटायचे.

बायको घरीच शिवणकाम करी. पँट आखूड कर, चेन बदल, कुणाचा कोट बाजूनं सैल कर, असली कामं. गावात कोण किती सुटलं आणि कोण ते कबूल करत नाही, याची खबर तिच्याइतकी कुणाला नव्हती. मशीन मात्र स्वयंपाकघरात, दार लावून, आणि मशीनखाली एक जुनी दुलई चौघडी घालून ठेवलेली. नवऱ्याची झोपमोड व्हायला नको. पायडलसुद्धा ती इतकं जपून मारी, की बघणाऱ्याला वाटावं, मशीनच आजारी आहे.

मुलगी नऊ वर्षांची. तिचा आवाज असा, की सगळे तिला भोंगा म्हणत. भोंगा कुजबुजली तरी शेजारच्या काकू भिंतीपलीकडून "काय गं?" विचारत. या घरात असा आवाज जन्माला घालणं ही नियतीनं केलेली थट्टाच. भोंग्याच्या लेखी बाबा म्हणजे एक बंद दार आणि संध्याकाळी डबा घेऊन निघालेली पाठ.

सुट्टी लागायच्या तोंडावर बेकरीच्या मालकांनी नवऱ्याला विचारलं, "भट्टी खूप झाली. दिवसा काउंटरवर बसतोस का? गावाला जाऊन ये, मग सांग." नवऱ्यानं हे घरी येऊन सांगितलं, "बघू" म्हणाला आणि झोपला. बायको त्या 'बघू'कडे किती तरी वेळ बघत राहिली. तिला हवं तरी काय होतं? उजेडातला नवरा. बाकीच्या बायकांना तो आपसूक मिळतो आणि त्या त्याच्या तक्रारी सांगत बसतात. हिला तक्रार करायलाही माणूस जागा सापडत नव्हता.

सुट्टीला यंदा परदेशी जायचं होतं. थोरली नणंद तिकडे स्थायिक झालेली; तिनं तिकिटंच पाठवली. बॅगा भरताना बायकोनं मनात गाठ मारली: परत येईपर्यंत यांच्या तोंडून काउंटरसाठी 'हो' वदवून घ्यायचं. तिथं तरी घरातले तिघं एकाच वेळी जागे असतील.

इथंच तिचं गणित फसलं. इकडे रात्र तेव्हा तिकडे दिवस. नवऱ्याचं उलटं घड्याळ तिकडे उतरताच सुलटं झालं. पहाटे तो टुणकन उठून बसला, अंघोळ करून, भांग पाडून, बहिणीला चहा करून देत म्हणाला, "ताई, आज काय काय बघायचं?" आणि मायलेकी, आयुष्यभर कोंबड्याबरोबर उठणाऱ्या, उन्हं वर यायला लागली तसतशा मिटत गेल्या.

मग ते सगळं स्थळदर्शन झोपेच्या कडेकडेनं झालं. राजवाड्याच्या दालनांमागून दालनं आली. आरशांच्या दालनात तिला स्वतःसारख्या दहा-बारा बायका दिसल्या. सगळ्या जांभई देत होत्या, आणि त्यातली एक, ती शपथेवर सांगते, आधीच झोपली होती. बागेत पुतळे होते. एका दगडी सेनापतीला टेकून भोंगा उभ्या उभ्या घोरली; येणारेजाणारे त्या दोघांचा फोटो काढून गेले. कारंज्याचं पाणी वर जायचं आणि खाली यायचं विसरायचं. संध्याकाळ कधी होई कळत नसे, आणि नेमकी झाली की मायलेकी टवटवीत आणि नवरा पेंगुळलेला.

"अगं, एवढे जिने चढून मनोऱ्यावर आलीस ते डोळे मिटायला?" नणंद म्हणायची. "खाली गादीवर झोपली असतीस, तिकिटाचे तरी वाचले असते."

"नाही वन्सं, बघतेय ना. फार छान आहे."

"ती भिंत आहे. देखावा या बाजूला."

आणि नवरा! तो सगळ्यांच्या पुढे. मुलीला खांद्यावर घेतोय, होडीवाल्याशी हातवारे करून भाव ठरवतोय, दिसेल त्या बेकरीच्या काचेला नाक लावतोय, गातोयसुद्धा. हा माणूस गातो हे बायकोला लग्नानंतर इतक्या वर्षांनी कळत होतं, तेही अर्धवट शुद्धीत. आपल्याच नवऱ्याला तिनं असं पापण्यांच्या फटीतून पाहिलं, आणि मनात 'हो'ची भूक आणखी वाढली.

एकच गोष्ट तिला खटकली. नणंदेनं समोरची मोठी खोली दिली होती, खिडकीतून तळं दिसणारी. नवऱ्यानं मात्र आपली गादी उचलून मागच्या अडगळीत नेली, जिथं कपडे धुवायचं यंत्र होतं.

"अरे, माझ्या घरी येऊन तू धोबीघाटावर झोपणार?" नणंद म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

"इथं कोण लोक आहेत, ताई? मला इथंच बरं. आणि तुझे कपडे रात्रीच फिरायला लाव."

बायकोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. याला सुख दिलं तरी घेता येत नाही, असं ती मनात म्हणाली आणि तळ्याच्या खोलीत टक्क जागी पडून राहिली.

शेवटी एका दुपारी, तळ्यात होडीत, तिनं विषय काढला. भोंगा तिच्या मांडीवर होती. पाणी हळूहळू होडीला थोपटत होतं. लांबून हंस येत होते.

"अहो, त्या काउंटरचं काय ठरवलंत?"

नवऱ्यानं वल्ही थांबवली. पाण्याकडे पाहिलं. "त्याचं असं आहे," तो म्हणाला.

आणि मग हंस जवळ आले. ते मळलेल्या पिठाचे होते, मऊ, पांढरे, आणि उन्हात फुगत चालले होते. नवरा लख्ख दुपारी काउंटरवर बसून ते एकेक करून गिऱ्हाइकांना देत होता आणि म्हणत होता, हो, हो, हो.

जाग आली तेव्हा होडी पलीकडच्या काठाला लागली होती आणि अंगावर नवऱ्याचा कोट होता. "मग बरं झालं, बोललो ते," तो म्हणाला आणि मुलीला उचलून उतरला.

आता पंचाईत. भर संसाराच्या प्रश्नाचं उत्तर ऐकता ऐकता झोपलेली बाई कोणत्या तोंडानं म्हणणार, पुन्हा सांगा? तिनं स्वप्नातलंच उत्तर खरं धरलं. माणूस आपल्याला परवडेल तेच खरं धरतो. त्या संध्याकाळी तिनं भोंग्यालाही सांगून टाकलं, "बाबा आता दिवसा जागे असणार."

"रोज?" भोंगा इतक्या मोठ्यानं म्हणाली, की तळ्यावरची पाखरं उडाली.

सुट्टी संपेपर्यंत मायलेकींची घड्याळं तिकडे कशीबशी लागली होती, आणि तेवढ्यात परतीचं विमान आलं. घरी उतरताच सगळं पुन्हा उलटं झालं. नवऱ्याचं शरीर आपसूक रात्रपाळीवर रुजू झालं. मायलेकीही दिवसा ताठ उभ्या राहीनात. तेव्हा त्या घरात कधी न घडलेली गोष्ट घडली. भर दुपारी तिघंही आतल्या खोलीत एका ओळीत झोपली. बाहेर दूधवाला घंटी वाजवून वाजवून गेला, शेजारच्या काकूंनी दोनदा हाक मारली.

मध्येच बायको जागी झाली. पडद्याच्या फटीतून उन्हाची एक रेघ आली होती. या खोलीतली दुपार तिनं आतून कधी पाहिलीच नव्हती. रस्ता लांब कुठं तरी पाण्याखाली असल्यासारखा वाटत होता. आणि नवरा टक्क डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होता.

"अहो, झोपा की. संध्याकाळी मालकांकडे जायचंय."

"झोपच येत नाहीये."

"का?"

"मशीन बंद आहे ना."

तिला वाटलं, आपण अजून स्वप्नातच आहोत. "कुठलं मशीन?"

"तुझं. अगं, तुला सांगितलं नव्हतं का होडीत? काउंटरवर बसायला ना नाही, पण रात्री झोप कशी लागायची? रात्री तुझं मशीन बंद. ताईकडे ते कपड्यांचं यंत्र होतं म्हणून निभावलं. तू 'बरं' म्हणालीस की."

"मी 'बरं' म्हटलं?"

"स्पष्ट."

ती उठून बसली. "आणि मी मेली इतकी वर्षं त्याच्याखाली दुलई घालतेय! आवाज होऊ नये म्हणून!"

"तुझी तू घातलीस. मला वाटलं, मशीन हलतं म्हणून असेल. कान देऊन ऐकावं लागतं, एवढंच. थांबलं की जाग येते."

तिला रागावावं की हसावं हे ठरेना. स्वयंपाकघरात गेली, मशीनचा एक कोपरा गुडघ्यानं उचलून दुलई ओढून काढली. इतकी दबली होती, की चार पायांचे चार खळगे पडले होते. मग मशीन सरकवत, फरशीवर कर्रकर्र आवाज करत, खोलीच्या दारापर्यंत आणलं. भोंगा जागी झाली आणि सवयीनं कुजबुजली, "आई, बाबा झोपलेत."

"मोठ्यानं बोल," आई म्हणाली. "आणि तिकडून धर."

आतल्या खोलीत, खिडकीपाशी मशीन लागलं. कुणाचा तरी कोट सुट्टीआधीपासून पडून होता. तिनं दोरा ओवला आणि पायडल मारलं, मोकळं, दणदणीत. दुलईशिवाय मशीनचा खरा आवाज कसा आहे, हे तीसुद्धा विसरली होती. एक बाजू होईतो पाठीमागून घोरणं सुरू झालं.

दोरा तोडायला ती थांबली. घोरणं थांबलं.

पुन्हा पायडल. पुन्हा घोरणं.

नीट खात्री करून घ्यायची तिची खोड. आणखी एकदा थांबली. पाठीमागून झोपाळू आवाज आला, "आज मालकाला काय सांगू मग?"

होडीतलं ऊन, पिठाचे हंस, काउंटरवरचा तो हसरा माणूस, सगळं क्षणभर तिच्या डोळ्यांपुढून सरकलं. तो नवरा तिला आवडला होता. पण हा जो झोपला होता, तो तिच्या पायाच्या ठेक्यावर झोपत होता, आणि ही मालकी काही थोडीथोडकी नव्हती.

"भट्टीच ठेवा म्हणावं," ती म्हणाली. "पण एक. सकाळी आलात की आधी या भोंग्याला शाळेत सोडायचं, चालत, हात धरून, गाणं म्हणत. मग झोपायचं."

"गाणं?"

"ऐकलंय मी. झोपेत होते, बहिरी नव्हते."

"रोज?" भोंगा ओरडली. भिंतीपलीकडून काकूंनी विचारलं, "काय गं?"

पलंगावरून "बरं" आलं. ते जागेपणी आलं की झोपेत, याची शंका नको म्हणून तिनं भोंग्याला साक्षीदार ठेवलं, कोटाची दुसरी बाजू सुईखाली घेतली, आणि या खेपेस मध्ये थांबली नाही.