संताचं काळं तोंड

चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीवरच्या संताचा चेहरा काळा पडला होता! ईस्टरला रंगवला तेव्हा कसा लख्ख गोरा होता. आता त्यापेक्षा तव्याचं बूड बरं. बाया छाती पिटत होत्या आणि पाद्री गिसुल्फ घसा ताणून ओरडत होते, "संत कोपलेत! या तेउपर्गेनं करणी केलीय. तापलं लोखंड हातात धरून निर्दोष ठर, नाहीतर द्राक्षमळा चर्चला देऊन पापातून मोकळी हो!"

शेगडीत लोखंड लाल झालं होतं. विधवा तेउपर्गा त्याच्याकडे बघत उभी होती. मळा गेला तर पोरं खाणार काय, आणि हात गेला तर मळा कसणार कोण?

मठात मुलींना शिकवणाऱ्या अन्साताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या गर्दीतून वाट काढत पुढे आल्या.

"पाद्रीबाबा, संत फक्त मानेपर्यंतच कोपले का हो? झगा तर अजून पांढराशुभ्र आहे!"

"बाई, तुम्ही मुलींकडून अक्षरं गिरवून घ्या. दैवी गोष्टीत नाक खुपसू नका."

"खुपसणार! झगा चुन्यानं रंगवलाय. चेहऱ्याला मात्र तुम्ही हट्टानं शिशाचा सफेदा लावायला लावलात. का, तर चुना फिका दिसतो म्हणे! अहो, तो सफेदा आमच्या पोथ्यांतल्या चित्रांत छान टिकतो. ओलसर भिंतीवर काळाच पडतो."

"थोतांड! ही करणीच!"

"असं? मग खाली हा पडदा कशाला टांगलाय?"

"धूळ... धूळ बसते म्हणून!"

अन्साताईंनी पडदा खस्सकन ओढला. चर्च बांधणारा म्हणून पाद्रीबाबांनी तिथं स्वतःचंच चित्र काढून घेतलं होतं. हातात इवलंसं चर्च, डोक्यामागे जिवंत माणसाला काढतात तसं चौकोनी तेजोवलय. आणि चेहरा? संतापेक्षाही काळाकुट्ट!

मग लोहार आउदोनं चिमट्यात लोखंड उचललं. "पाद्रीबाबा, तयार आहे बघा. आधी तुम्ही धरता का?"

बाबांचे दोन्ही हात झग्याच्या बाह्यांत गडप झाले. चर्चभर हशा पिकला.

"हसताय काय?" अन्साताई कडाडल्या. "मघाशी हिचा हात जळताना बघायलाच जमला होतात ना? भिंत काळी पडली तर ओल कुठून आली ते बघा, रंग कसला लावला ते विचारा. शेजारणीला कशाला जाळता?"

कुणी मान वर केली नाही. तेउपर्गा मात्र आपल्या धडधाकट हातांनी अन्साताईंना बिलगून हमसून हमसून रडत होती.