नराला डोहाळे

"मी बायकांची बाळंतपणं केलीत, माशांची नाही," विळीवर बसता बसता सासूबाई करवादल्या.

"सुईण ती सुईण," माझा नवरा म्हणाला. "दोन वर्षं नदीत एक पिल्लू नाही. आता काय जाळ्याची मच्छरदाणी करून झोपू?"

वरच्या अंगाला रंगाचा कारखाना आला, तेव्हापासूनचं हे दुखणं. जाळ्यात यायचे ते सगळे म्हातारे मासे. तेही संपले की आमची चूल बंद.

सासूबाईंनी मासा उचलला. गालावर खरखरीत दाणे, म्हणजे नर. पोट चिरलं तर आत नराचं पांढरं दूध, आणि त्यातच गाभोळीचे, म्हणजे मादीच्या अंड्यांचे दाणे.

"अगं बाई, ह्या बाप्याला दिवस गेलेत."

दुसरा चिरला, तोही तसाच. मला हसू आवरेना, नवऱ्याचं मात्र तोंड उतरलं. बापच आई व्हायला निघाले तर पिल्लं व्हायची कशी?

तेवढ्यात कारखान्याचे साहेब आले. नदीचं पाणी तपासायचं काम त्यांचं. बाटली भरायची आणि जाताना आमच्याकडून मासे न्यायचे, एवढीच तपासणी. चिरलेले मासे बघून त्यांनी वही काढली.

"वा. पूर्वी निम्म्याच माशांत गाभोळी असायची, आता सगळ्यांत. प्रगती आहे."

"आणि पिल्लं, साहेब?" नवऱ्यानं विचारलं.

"ती पुढच्या अहवालात येतील."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण पालथ्या घड्यावर पाणी कोण ओतणार?

"गाभोळीवाले चार द्या," साहेब म्हणाले, "आणि लिंबू असेल तर बघा. हल्ली आंबट फार खावंसं वाटतं."

सासूबाईंचा हात थांबला. "कधीपासून?"

"दोनेक महिने झाले."

"सकाळी मळमळतं?"

"थोडं. पित्त आहे ते."

आम्ही तिघांनी त्यांच्या पोटाकडे बघितलं.

"हे आधीपासूनचं आहे," साहेब हळूच म्हणाले.

सासूबाईंनी हात पुसून त्यांची नाडी धरली, बोटांवर काहीतरी मोजलं. "पाणी कुठलं पिता?"

"नदीचंच."

"ह्या नरानंही तेच प्यायलं," एवढंच बोलून त्या परत विळीवर बसल्या. साहेब मासे न घेताच गेले, लिंबू मात्र नेलं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातलं पाणी शुद्ध करायचं गंजलेलं यंत्र घरघरायला लागलं. पुढच्या हंगामात जाळ्यात बोटभर पिल्लं आली. नवऱ्यानं ती ओंजळीनं परत सोडली, आणि रडला वेडा.

साहेब अजून दर महिन्याला नाडी दाखवायला येतात. "आता तरी सुटलो ना, बाई?"

"बाप्याच्या जातीचं काही सांगता येत नाही, साहेब," सासूबाई म्हणतात. "यंत्र तेवढं चालू ठेवा."