नजरेचं माप

जनवाड्याच्या शोभाबाई शिलाई करायच्या. गेल्या साली गावात सिनेमाचं शूटिंग झालं, तेव्हा त्यांच्याकडं वेगळंच काम आलं. शहरातून आणलेले कपडे करकरीत दिसत होते. ते शेतात राबणाऱ्यांच्या अंगावरचे वाटले पाहिजेत, असं दिग्दर्शकाचं म्हणणं. शोभाबाईंनी बेचाळीस कपडे काळ्या मातीत भिजवले, उन्हात वाळवले, खांद्याला नि कोपराला विटेनं घासले, कुठं ठिगळ लावलं; हीरोची बंडी तेवढी स्वतः शिवली. नवरा राजपाल म्हणायचा, लोक नवं शिवून घेतात, तू नव्याचं जुनं करायलीस.

तो सिनेमा कसा घडला, यावर कलबुर्गीची सुधारानी नावाची मुलगी माहितीपट करत होती. एरवी ज्यांना कुणी विचारत नाही, त्यांनाही त्यात बोलतं करायचं तिनं ठरवलं होतं. शोभाबाई तिच्यापुढं दोन तास बोलल्या. शेवटी तिनं विचारलं, शिवायला कुणी शिकवलं? मग वडिलांचा विषय निघाला. तेही शिलाईच करत, पण गावातली काही घरं त्यांना अंगाला टेप लावू देत नसत. ते अंगणात उभं राहून, नुसतं बघून माप घेत. हे सांगताना शोभाबाईंना रडू आलं, आणि कॅमेरा चालूच राहिला.

घरी आल्यावर त्यांना चैन पडेना. टीव्हीवर आपल्या वस्तीतली बाई दिसली की ती रडतच असते, हे त्यांनी कितीदा पाहिलं होतं. आता भालकीचे पाहुणे, सुनेच्या माहेरचे, सगळे आपल्यालाही तसंच बघणार. शेवटी त्यांनी फोन केला. सुधारानी म्हणाली, अजून काही पक्कं नाही, येऊन बघा, नको असेल ते काढू.

रविवारी दोघं नवरा-बायको बसनं बिदरला गेली. तिथं नौबाद भागात सुधारानीच्या भाड्याच्या खोलीत लॅपटॉपपुढं बसताना शोभाबाईंनी पदर मुठीत घट्ट धरला होता. दिग्दर्शक बोलला, हीरो बोलला, मग त्या स्वतः दिसल्या. माती, वीट, ठिगळं. वडिलांची गोष्ट आली तशी त्यांनी मान खाली घातली. पण त्यांचाच आवाज पुढं म्हणाला, "म्हणून मला बी टेप लागत न्हाई. हीरोला लांबून बघितलं अन् बंडी शिवली. बरोब्बर बसली." लगेच बंडी घातलेला हीरो दिसला. रडणं नव्हतंच.

शोभाबाईंनी केवढा तरी श्वास सोडला. "अन् ते?"

"ते तुमचं आहे, अक्का," सुधारानी म्हणाली. "मी कसं वापरू?"

त्यांनी परत एकदा लावायला सांगितलं. या वेळी त्यांना खालची अक्षरं दिसली.

"म्याडम, दिग्दर्शकाच्या नावाखाली दिग्दर्शक लिवलंय. माझ्या नावाखाली 'स्थानिक महिला' कामून?"

सुधारानी ओशाळली. हे आपल्या ध्यानातच आलं नाही म्हणाली, आणि तिनं ते तिथल्या तिथं पुसलं. आता काय लिहू, असं तिनं विचारलं, तेव्हा शोभाबाईंनी राजपालकडं पाहिलं.

"माझ्याकडं काय बघायलीस?" तो म्हणाला. "काम तू केलीस."

"कपडेपट लिवा," त्या म्हणाल्या. बघता बघता अक्षरं उमटली.

बाहेर पडल्यावर त्यांना सडकून भूक लागली. स्टँडजवळच्या हॉटेलात त्यांनी चुरमुऱ्यांचा सुशीला मागवला, संपवला, आणि आणखी एक प्लेट मागवली. राजपाल तोंड पाडून बसला होता. बेचाळीस कपड्यांची माती आपण डोक्यावर वाहिली, आपलं नाव त्यात कुठंच न्हाई, अशी त्याची तक्रार. शोभाबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.