नव्व्याण्णव औषधं

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे. गाण्यांची नव्हे, खेळाची. आगपेटीपेक्षा थोडी रुंद, करड्या रंगाची, एका कोपऱ्यावर दुधाच्या दाताची खूण असलेली. हातात धरून खेळायच्या छोट्या यंत्राच्या पाठीत मला खोचलं, की तळहाताएवढ्या पडद्यावर एक तलवारवाली मुलगी उभी राहते. तिनं राक्षस मारायचे, मारता मारता बळ वाढवायचं आणि चोरीला गेलेला गावाचा उजेड परत आणायचा.

‘घेण्यासारखी आहे का?’ हा प्रश्न मी जन्मभर ऐकला. तो मला कोणी विचारत नाही, दुकानदाराला विचारतात. आता माझ्यात फारसं त्राण नाही आणि खोटं बोलायचाही कंटाळा येतो, म्हणून सांगून टाकते. माझी गोष्ट सामान्य आहे. अक्षरं बारीक आहेत. बर्फाच्या गुहेत तीच ती वाट चारदा तुडवावी लागते. पण तलवार फिरवली, की ती लागल्याचं बोटांना कळतं. एवढंच माझं भांडवल.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तोंडाला फडकं बांधलेल्या एका बाईनं माझ्या पोटातल्या हिरव्या पट्टीवर नाण्याएवढा सेल डाख देऊन बसवला. तो सेल म्हणजे माझी आठवण. खेळणारा कुठवर पोचला, हे मी त्याच्या जोरावर लक्षात ठेवते. सेल काढला की मी कोरी. हे माझ्या खोक्यावर बारीक अक्षरांत छापलेलं होतं, पण खोका पहिल्याच दिवशी फाडला गेला.

मला विकत घेतलं ते घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका माणसानं, आपल्या दहा वर्षांच्या मुलीसाठी. घेण्यासारखी आहे का, हे त्यांनीही विचारलंच. पण त्याआधी मला उलटीपालटी करून विचारलं, “ही उघडते का?”

दुकानदार हसला. उघडून काय करणार, म्हणाला.

“काही नाही. पण जी वस्तू उघडत नाही, ती आपली कशी म्हणायची?”

माझा स्क्रू विचित्र आहे, साध्या पेचकसाला दाद देत नाही. त्यांनी घरी जाऊन एक जुना पेचकस कानशीनं घासला आणि माझ्या स्क्रूच्या मापाचा करून ठेवला. उघडलं मात्र नाही. उघडता येतं, एवढं त्यांना पुरे होतं.

मुलीनं खेळातल्या तलवारवालीला स्वतःचं लाडकं नाव दिलं, खारू. मग ती शाळेतून आली की मी, गृहपाठ राहिला तरी मी, दात हलायला लागला तेव्हा चावायलाही मीच. ती धाडसानं खेळायची. औषधं विकत घ्यायची नाही, ढाल वापरायची नाही. मरायची, पुन्हा उठायची, पुन्हा आत घुसायची. वडील घरातच थाटलेल्या दुकानात, कामाच्या टेबलापाशी डोळ्याला भिंग लावून बसलेले असत आणि मधूनच म्हणत, “अगं, जरा औषध घे की.” ती म्हणायची, “बाबा, तुम्ही तुमची घड्याळं बघा.”

पुढे अभ्यास वाढला, मी महिना महिना खणात राहू लागले. तरी आठ वर्षांत ती रखडत रखडत शेवटच्या दरवाज्यापर्यंत पोचली. तेवढ्यात शिकायला दुसऱ्या शहरात जायचा दिवस आला. वडील तिची बॅग भरत होते: तापाच्या गोळ्या, पोटाच्या गोळ्या, खोकल्याचं औषध, सगळं दोन दोन. आई म्हणाली, पोरगी शिकायला चालली आहे की दवाखाना टाकायला? जाताना मुलीनं मला वडिलांच्या टेबलावर ठेवलं. “शेवटचा दरवाजा मी आले की उघडू. दोघं मिळून. तोवर हात लावू नका.”

त्यांनी वर्षभर हात लावला नाही. पण घड्याळवाल्याला एक गोष्ट सहन होत नाही. आत सेल म्हातारा होत असेल, पाझरेल, सगळं खाऊन टाकेल, हा विचार त्यांचा पिच्छा सोडेना. एका दुपारी त्यांनी घासून ठेवलेला तो पेचकस काढला. घड्याळातला सेल काढला की काटे थांबतात. नवा बसवायचा, वेळ लावायची, झालं. जन्मभर त्यांनी हेच केलं होतं. माझंही तसंच असेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी माझा सेल काढला, फुंकर मारली, नवा बसवला. इतकं नीटस काम माझ्यावर आधी कोणी केलं नव्हतं.

मग त्यांनी यंत्र चालू केलं आणि मी विचारलं, तुझं नाव काय?

त्यांनी यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं, मी पुन्हा तेच विचारलं. बायको चहा घेऊन आली, तेव्हा म्हणाले, “पोरीची आठ वर्षं पुसली मी.”

“सांगून टाका. ती काही रागावणार नाही.”

“रागावणार नाही, तेच तर.”

त्यांनी नावाच्या जागी खारू लिहिलं आणि पहिल्या गावापासून सुरुवात केली.

मित्रांनो, मी पुष्कळ हात पाहिले नाहीत, पण इतके स्थिर आणि इतके संथ हात नक्कीच नाहीत. केसाएवढा स्क्रू अचूक उचलणाऱ्या त्या बोटांना पहिल्या शेतातला बेडूकही आटोपेना. त्यांच्या नाकी नऊ आले. बायको म्हणायची, “घड्याळं संपली वाटतं, आता राक्षस दुरुस्त करताय?” चपळाई नव्हती, म्हणून त्यांनी बळ वाढवलं. आठवडेच्या आठवडे त्याच शेतात तेच बेडूक मारले. गावागावांत औषधं घेतली. झोळीत नव्व्याण्णवच्या वर मावत नाहीत, म्हणून नव्व्याण्णव ठेवली. एक कमी झालं तरी मागे जाऊन भरून आणत. दिवे दोन, दोर दोन, ढाली दोन. मीसुद्धा कंटाळले. ते नाही कंटाळले.

बर्फाच्या गुहेत अडले, तेव्हा त्यांनी मुलीला फोन केला. जेवलीस का, थंडी आहे का, हे सगळं झाल्यावर हळूच विचारलं, त्या गुहेतले दिवे कुठल्या क्रमानं लावायचे गं? तुम्हाला कशाला हवंय, तिनं विचारलं. एक गिऱ्हाईक विचारत होतं, म्हणाले. ती हसली आणि तिनं क्रम सांगितला. घड्याळाच्या दुकानात असलं गिऱ्हाईक कुठून आलं, हे तिच्या मनात आलं नाही.

तीन वर्षांनी ते शेवटच्या दरवाज्यापाशी पोचले. सेव्ह केलं. मऊ फडक्यानं मला पुसलं. दरवाजा उघडला नाही. तो तिचा होता.

त्यानंतर ती जेव्हा जेव्हा घरी आली, तेव्हा यंत्रात ताजे सेल घालून ते मला तिच्या चहाच्या कपाशेजारी ठेवत. ती कामातून डोकं वर काढून म्हणायची, “उद्या बघू, बाबा.” मी तिला दोष देत नाही. उद्या असतो, असंच सगळ्यांना वाटतं.

मग ते गेले. मी खणात पडून राहिले. दुकान रिकामं करायची वेळ आली, तेव्हा मुलीनं मला इतर सामानाबरोबर पिशवीत घातलं आणि जुने खेळ विकत घेणाऱ्या माणसाकडे नेलं. तिथे एक टॅक्सीवाला गिऱ्हाईक उभं होतं. प्रवाशांची वाट पाहत तासन्‌तास बसावं लागतं, म्हणून त्याला काहीतरी हवं होतं. त्यानं मला उचललं. “घेण्यासारखी आहे का?”

दुकानदारानं मला यंत्रात खोचलं. बरीच खेळलेली दिसते, म्हणाला. बळ अठ्ठावन्न.

“एकतीस,” मुलगी म्हणाली. “मी एकतीसवर सोडलं होतं.”

दुकानदारानं माझा स्क्रू निरखला. इथे कोणीतरी सेल बदललेला आहे, तिला सांगितलं, म्हणजे आधीचं सगळं पुसलं गेलं असणार, हे नंतरचं आहे. तिनं यंत्र हातात घेतलं आणि झोळी उघडली. नव्व्याण्णव औषधं. दिवे दोन, दोर दोन, ढाली दोन. मग तिनं आईला फोन लावला. “तुला सांगू नको म्हणाले होते,” आई एवढंच बोलली.

टॅक्सीवाला अजून ताटकळत होता. मुलगी त्याला म्हणाली, “खेळ घेण्यासारखा आहे, दादा. गोष्ट साधी आहे, पण तलवार छान चालते. दुसरी मिळाली तर नक्की घ्या. ही विकायची नाही.”

घरी येऊन ती वडिलांच्या टेबलापाशी बसली. शेजारच्या खुर्चीवरचा पसारा काढून ती रिकामी केली आणि दरवाजा उघडला. तिच्या हाताचा सराव मोडला होता. ती पूर्वीसारखीच ढाल न उचलता आत घुसली आणि लगेच मरायला टेकली. मग तिनं आयुष्यात पहिल्यांदा माझ्या झोळीतलं औषध घेतलं. मग दुसरं. मग तिसरं. बावन्न औषधं लागली. उजेड गावात परत आला, मला बनवणाऱ्यांची नावं वर सरकत गेली आणि पडदा काळा झाला.

मित्रांनो, मी थकले आहे. हा सेलही एक दिवस संपेल आणि मी पुन्हा कोरी होईन. त्याआधी एवढंच सांगते. जुनी वस्तू विकायच्या आधी एकदा सुरू करून बघा. आणि कोणी तुमच्या कपाशेजारी काही आणून ठेवलं, तर उद्यावर टाकू नका.

माझी एक जुनी रीत आहे. शेवट झाला तरी मी तो लक्षात ठेवत नाही. खेळणाऱ्याला परत दरवाज्याच्या अलीकडे आणून उभं करते, जिथे सेव्ह केलं होतं तिथेच. मुलीला हे ठाऊक नव्हतं. तिनं मला पुन्हा चालू केलं. दरवाजा बंद होता. तिनं झोळी उघडली.

नव्व्याण्णव.