काचेच्या पेटीतला विळा

मी विळा. भिकुबाईचा विळा. अंगानं वाकडा आहे, तेव्हा बोलणंही वाकडंच येणार. गोड वाचायचं असेल तर धुळ्यात पांझरेकाठच्या बागेत जा आणि तिथला भलामोठा बोर्ड वाचा. दुर्मिळ फूल वाचवणाऱ्या अकरा थोर लोकांची नावं त्यावर आहेत. त्यातल्या नऊ जणांनी ते फूल फक्त फोटोत बघितलंय.

माझा जन्म शिरपूरच्या बाजारातला. एका घिसाड्यानं मोडक्या ट्रकच्या पाट्याचा तुकडा तापवला, त्याच्या बायकोनं घण घातले आणि मी झालो. भिकुबाई भावाकडे आली होती. तिनं माझ्या धारेवर अंगठा फिरवून पाहिला, मला फडक्यात गुंडाळलं आणि एस.टी.नं धुळ्याला आणलं. बाभळीची मूठ तिनंच बसवली.

तिच्या दारात एक म्हैस. म्हशीला वर्षभर खायला लागतं; मोठ्या लोकांना हेही सांगावं लागतं, म्हणून सांगतो. पावसाळ्यात आम्ही नदीकाठचं हिरवं गवत कापायचो. बागेच्या मागच्या कोपऱ्यात मुरमाड उतार होता, तिथल्या उभ्या गवताला मात्र दसऱ्याआधी हात नाही. ते वाळवून ठेवायचं असतं, आधी पिकू द्यावं लागतं. खंडेनवमीला भिकुबाई मला धुवायची, कुंकू लावायची, माझ्यापुढे नारळ फोडायची आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्या गवतात उतरायची. तिच्या सासूपासूनची ही रीत.

त्याच गवतात ते फूल. वीतभर दांडी आणि तिला टांगलेला बारकासा जांभळट कंदील. पुस्तकात त्याचं लांबलचक नाव असेल, भिकुबाईसाठी ती खरपुडी. श्रावणात म्हैस तिकडे वळली की भिकुबाई शेपूट धरून तिला मागे ओढायची. "दिवा लागेल शे तठे! देखत नही का?" लागलेला दिवा दिसत नाही का, असं म्हशीवर ओरडायची. म्हशीला समजायचं हो. कमिटीला समजायला पाच वर्षं लागली, आणि तरी नाहीच समजलं.

अठ्ठ्याऐंशी साली पंडित सरांना ते फूल दिसलं. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारा भला माणूस. गवतात गुडघे टेकून त्यांनी झाडं मोजली, बावीस भरली. जिल्ह्यात हे फूल आता एवढ्याच कोपऱ्यात उरलंय, हे कळल्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. इथवर सगळं छान होतं. मग कमिटी झाली.

अध्यक्ष नानासाहेब. बांधकाम खात्यातून रिटायर झालेले. आपल्याकडे रिटायर झालेल्या माणसाला कशाचं तरी अध्यक्ष व्हावंच लागतं, नाहीतर घरचे भाजी आणायला पाठवतात. पहिल्याच बैठकीत त्यांनी विचारलं, "फुलाचा शत्रू कोण?" आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शत्रू सापडला. भिकुबाई नेहमीसारखी गवतात बसली होती.

"दुर्मिळ वनस्पती कापतेस? लाज नाही वाटत?" नानासाहेब कडाडले.

"मी काय करं, साहेब? गवत कापी ऱ्हायनू," भिकुबाई घाबरून म्हणाली.

तिच्या हातातून मला हिसकावलं. जप्त! वॉचमन हिलालनं मला बागेच्या कोठीत खिळ्याला टांगलं. चांगलं केलं एका अर्थी, कारण खिळा खिडकीशेजारी होता. पुढचा सगळा तमाशा मला फुकटात बघायला मिळाला.

आधी तारेचं कुंपण आलं, फाटकाला कुलूप आलं. मग दोन ट्रॉल्या शेणखत. मग नळी लावून सकाळ-संध्याकाळ पाणी. मुरमात, उन्हात, अर्धपोटी राहणारं झाड ते! पण नानासाहेबांना वाटलं, जे केळीला चालतं ते सगळ्यांना चालतं. शेवटी बोर्ड आला. बोर्ड रंगवायला जेवढा विचार झाला, तेवढा फुलाचा झाला असता तर मला बोलायची वेळ आली नसती.

खतपाण्यानं गवत माजलं. माणसाच्या छातीला लागलं. कापायला कोणी नाही, म्हणून ते तिथंच आडवं पडलं, कुजलं, त्याची गादी झाली. पुढच्या भाद्रपदात सरांनी मोजली तेव्हा नऊ झाडं. त्याच्या पुढच्या वर्षी दोन.

दोन! मी खिळ्यावर गंजत होतो आणि माझा जीव तुटत होता. विळ्याला जीव नसतो असं म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं. नानासाहेबांना मात्र वेगळाच शोध लागला. "ती बाईच चोरून नेत असणार. कुंपण वाढवा!"

त्या दिवशी पंडित सर पहिल्यांदा चिडले. सरळ भिकुबाईच्या दारात गेले आणि तिला सोबत घेऊन आले. दोन वर्षांनी तिला त्या कोपऱ्यात बघितलं मी. तिनं गवताची ती गादी हातानं उचकटली, खालची काळी, सडकी माती मूठभर घेतली आणि सरांपुढे धरली.

"सर, तुम्हीन तिले गवतमा गाडी टाकं!"

"खरपुडीला गाडलं? अक्का, आम्ही तर सगळं द्यायला गेलो. खत, पाणी..."

"तिले ऊन जोयजे, सर. दसराले तिनं बी उडी जास, मंग मी गवत कापस. जमीन मोकळी व्हस. पुढला साल कोंब वर येस."

बाईनं चार वाक्यांत सांगितलं ते सरांच्या तीन कपाटं पुस्तकांत नव्हतं. पण एक आहे, चूक कबूल करायला त्यांना वेळ लागला नाही. कोठीत येऊन त्यांनी स्वतः मला खिळ्यावरून काढलं आणि भिकुबाईच्या हातात दिलं. "आमचं चुकलं, अक्का," म्हणाले. ती मला दगडावर घासत बसली, गंज जाईपर्यंत.

खत-पाणी बंद झालं. दसऱ्यानंतर आम्ही कोपरा साफ कापला. जमिनीत कंद तग धरून होते. पुढच्या साली पाच झाडं, मग चौदा, आणि यंदा, त्र्याण्णव साली, एकतीस!

आता तुम्ही म्हणाल, झालं, विळ्याची गोष्ट संपली. थांबा. अजून कमिटी जिवंत आहे.

एकतीस आकडा ऐकताच नानासाहेबांनी सत्कार ठरवला. मंडप, माइक, पाहुणे. भिकुबाईला शाल दिली, नारळ दिला. आणि भाषणाच्या भरात घोषणा केली, "हा ऐतिहासिक विळा आम्ही जतन करणार!" टाळ्या पडल्या. सर घाईघाईनं उठून काही सांगायला लागले, तेवढ्यात माइक बंद झाला. मला तेलानं पुसून काचेच्या पेटीत ठेवलं, पेटी कोठीच्या ओट्यावर बसवली, तिला कुलूप लावलं.

आणि गवत? गवतासाठी मशीन मागवलंय म्हणे. मशीन आलं, सुरू झालं नाही, परत गेलं. फाटकाला पुन्हा कुलूप. खंडेनवमी आली, गेली. मला ना पाणी, ना कुंकू. बाहेर शेंगा फुटल्या, बी उडालं, गवत पिवळं होऊन वाकायला लागलं. दोन पावसाळे असेच गेले की काय होतं, ते मी पाहून बसलो होतो. पेटीवर मात्र लिहिलं होतं, 'फुलाचा तारणहार'. वा रे अक्कल!

आज सकाळी, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, भिकुबाई आली. कपाळाला मोठं कुंकू, हातात सत्काराचा तोच नारळ. हिलाल आडवा आला. "अक्का, पेटीले हात लावू नको, माले बोलतीन."

"हात नही लावत, भाऊ. पूजा ऱ्हायनी यानी."

तिनं काचेलाच कुंकू लावलं. हात जोडले. मग दोन्ही हातांनी नारळ डोक्यावर उचलला आणि माझ्यासमोर फोडला. रीतच आहे ती. मध्ये काच होती, ती कमिटीनं ठेवलेली.

फुटलेल्या तुकड्यांतून तिनं मला अलगद उचललं. मग हिलालनं कमरेची किल्ली काढली, निमूट फाटक उघडलं आणि खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला.

"चाल रे," भिकुबाई मला म्हणाली, "बठ्ठं गवत वाढी गयं."

संध्याकाळपर्यंत आम्ही कोपरा मोकळा केला. आता मी तिच्या घरी आढ्याला खोचलेला आहे, धारेला अजून गवताचा वास आहे. फुटलेल्या काचेवर उद्या कमिटीची बैठक आहे म्हणे. खुशाल बसा, चहा घ्या, ठराव करा. बोर्डावर आमचं नाव नको, शाल नको, पेटी तर नकोच नको. फक्त पुढच्या दसऱ्याला फाटकाला कुलूप लावू नका. बाकीचं आम्ही दोघं बघतो.